शून्य टक्के म्हणजे खरंच बंद? (कंट्रोल व्हॉल्व्हच्या उदाहरणातून शेकडेवारी आणि पूर्णांक संख्या)



सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या आणि शेकडेवारी अशी दोन प्रकरणं आहेत. दोन्ही शिकवताना मुलं हमखास विचारतात, "मॅडम, हे कुठं वापरतात?" नफा-तोटा, परीक्षेतले गुण, बँकेचं व्याज ही उदाहरणं आपण देतोच. आज त्याच यादीत कारखान्यातलं एक उदाहरण जोडू. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील एमआयडीसीत, दालमिलमध्ये, पाइपच्या कारखान्यात नाहीतर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला आहेत. त्यांच्या रोजच्या कामातली ही गोष्ट आहे. घरी मुलांशी बोलायला तिचा चांगला उपयोग होतो.

विषय असा: पाणी, वाफ किंवा तेल वाहून नेणाऱ्या पाइपवर एक व्हॉल्व्ह म्हणजे झडप बसवलेली असते. कंट्रोल रूममधून तिला विजेचा सिग्नल जातो आणि ती त्या प्रमाणात उघडते किंवा बंद होते. कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं "० टक्के". पण झडप खरंच पूर्ण बंद झाली का? आणि ती पूर्ण बंद व्हावी म्हणून सिग्नल कसा लावायचा?

आधी घरातला कूलर बघू

खानदेशात एप्रिल-मे महिन्यात कूलरशिवाय घर नाही. कूलरच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. त्याची दांडी एका छोट्या झडपेला जोडलेली असते. पाणी वाढलं की गोळा वर येतो, दांडी वर जाते आणि झडप बंद होते. पाणी कमी झालं की गोळा खाली जातो आणि झडप उघडते.

हा गोळा पाण्याला नुसता टेकला म्हणून झडप बंद होत नाही. नळाच्या पाण्याला दाब असतो, तो झडपेतल्या रबराला मागे ढकलतो. गोळा थोडा पाण्यात बुडाला, पाण्याने त्याला जोरात वर उचललं, की मग दांडीचा जोर रबरावर येतो आणि धार थांबते. म्हणजे "टेकणं" आणि "दाबून बसणं" यात थोडं अंतर आहे. दांडी जास्त वर लावली, तर गोळ्याला हा जोर मिळायच्या आधीच टाकी काठोकाठ भरते आणि पाणी बाहेर सांडायला लागतं. झडप चांगली, रबर चांगलं, तरी पाणी वाहतंय! दांडी थोडी खाली लावली की काम झालं.

कारखान्यातला मोठा कंट्रोल व्हॉल्व्ह याच कारणाने अडतो आणि त्याचा उपायही असाच असतो.

कारखान्यातला व्हॉल्व्ह कसा चालतो

त्याचे मुख्य भाग चार. पाइपच्या आत एक गोल कडं असतं, त्याला सीट म्हणतात. त्यावर बसणारा बुचासारखा तुकडा म्हणजे प्लग. प्लगला वर उचलणारी दांडी म्हणजे स्टेम. आणि सगळ्यात वर थाळीसारखा दिसणारा गोल डबा, त्यात रबरी पडदा आणि दणकट स्प्रिंग. या डब्याला ॲक्च्युएटर म्हणतात.

डब्यात हवा भरली की पडदा स्प्रिंगला दाबतो, दांडी वर जाते, झडप उघडते. हवा सोडली की स्प्रिंग प्लगला खाली दाबते, झडप बंद. हवा गेली, वीज गेली, तरी ही झडप आपोआप बंदच होते. काही ठिकाणी याच्या उलट रचना लागते. उदाहरणार्थ, थंड करणाऱ्या पाण्याच्या लाइनवर हवा गेली तर झडप उघडीच राहिलेली बरी. तिथे हवा भरल्यावर बंद होणारी झडप लावतात. आपण या पाठात पहिला प्रकार धरून चालू.

डब्यात किती हवा भरायची हे ठरवणारं यंत्र झडपेच्या बाजूला बसवलेलं असतं. त्याला पोझिशनर म्हणतात. हा पोझिशनर मुलांना समजावून सांगायला आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतकं जुनी फड पद्धत आहे. तिथे पाणी सोडायचं-थांबवायचं काम पाटकरी बघतो. चांगला पाटकरी निरोप मिळाला की नुसता "हो" म्हणत नाही. तो पाटावर जातो, किती पाणी चाललंय ते डोळ्यांनी बघतो, जास्त असेल तर आणखी थोडं अडवतो आणि हवं तेवढं झालं की मगच थांबतो. पोझिशनर तेच करतो. सिग्नल काय सांगतोय ते वाचतो, दांडी प्रत्यक्ष कुठे आहे ते मोजतो आणि दोन्हींत फरक असेल तोपर्यंत हवा कमी-जास्त करत राहतो.

४ ते २० चा हिशोब

कंट्रोल रूममधून येणारा सिग्नल हा विजेचा छोटासा प्रवाह असतो. तो मिलीअँपिअरमध्ये मोजतात. जगभर बहुतेक कारखान्यांत ठरलेलं माप आहे ४ ते २० मिलीअँपिअर. ४ म्हणजे ० टक्के, २० म्हणजे १०० टक्के. मधलं अंतर १६ चं.

फळ्यावर हा तक्ता लिहा:

४ मिलीअँपिअर – ० टक्के
८ मिलीअँपिअर – २५ टक्के
१२ मिलीअँपिअर – ५० टक्के
१६ मिलीअँपिअर – ७५ टक्के
२० मिलीअँपिअर – १०० टक्के

सूत्र: टक्के = (सिग्नल − ४) ÷ १६ × १००

इथे हुशार मूल विचारणारच, "शून्यापासून का नाही सुरू केलं? ४ कशाला?" या प्रश्नासाठी वेळ काढा. समजा ० मिलीअँपिअर म्हणजे "बंद" असं ठरवलं असतं. मग उंदराने वायर कुरतडली तरी ० च येणार. निरोप "बंद कर" असा आहे की निरोपच आलेला नाही, हे कळणार कसं? ४ पासून सुरुवात केली की प्रश्न सुटतो. ४ आले तर निरोप आहे, "बंद कर". ० आले तर वायर तुटलीय. हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव वहीतून खोडत नाही, नावापुढे खूण करतो, तसंच हे.

विजेच्या आधी हेच काम हवेच्या दाबाने होत असे. त्याचं माप ३ ते १५ पीएसआय. तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हती, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

मग ४ वर पाणी का गळतं?

झडप नवी, प्लग चांगला, पडद्यावर ० टक्के, तरी पलीकडे पाणी जातंय. याची कारणं एकेक बघू.

पहिलं कारण कूलरसारखंच. पोझिशनरचं काम दांडी ठरलेल्या जागी नेणं. ४ मिलीअँपिअरला प्लग सीटला टेकला की त्याच्या हिशेबाने काम झालं. डब्यात थोडी हवा अजून शिल्लक असू शकते आणि ती हवा स्प्रिंगचा काही जोर खात असते. प्लग सीटवर आहे, पण दाबून बसलेला नाही.

किती जोर लागतो? सोपा हिशोब करू. प्लगखाली ५ चौरस सेंटिमीटर जागेवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो आहे. मग पाणी प्लगला ५ × १० = ५० किलोच्या जोराने वर ढकलतंय. म्हणजे सिमेंटचं एक पोतं! स्प्रिंगने आधी हे ५० किलो पेलायचे, आणि त्यावर जो जोर उरेल त्याने सीट घट्ट होणार. अशा वेळी डब्यात उरलेली थोडी हवासुद्धा महागात पडते.

दुसरं कारण सिग्नलचं. कंट्रोल रूममधून ४.०० ऐवजी ४.०५ येतात. फरक किती? ०.०५ ÷ १६ × १०० = सुमारे ०.३ टक्के. दांडीची एकूण हालचाल २० मिलिमीटर असेल तर प्लग ०.०६ मिलिमीटर वर राहतो. वहीच्या कागदाएवढी नाहीतर त्याहूनही बारीक फट. डोळ्याला दिसणार नाही. पण जास्त दाबाचं पाणी किंवा वाफ त्या फटीतून प्रचंड वेगाने जाते आणि धातूवर बारीक चरे पाडते. सीट एकदा अशी कापली गेली की मग सिग्नल कितीही अचूक द्या, झडप गळतच राहते. म्हणून छोटी गळती "चालतंय" म्हणून सोडायची नसते.

तिसरं कारण एखाद्या जुन्या सेटिंगचं. कंट्रोलरमध्ये खालची मर्यादा ५ टक्के अशी ठेवलेली असते. मग काहीही केलं तरी सिग्नल ४.८ च्या खाली येतच नाही. चौथं कारण साधं: सीटमध्ये गाळाचा कण किंवा वेल्डिंगचा खडा अडकलेला. हे सिग्नलने सुटत नाही, झडप उघडून साफच करावी लागते. ठिबकवाल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ठिबकच्या व्हॉल्व्हच्या पडद्याखाली वाळूचा एक कण आला तरी बंद केलेल्या लाइनला पाणी झिरपत राहतं.

पूर्ण बंद होण्यासाठी सेटिंग कशी करतात

इन्स्ट्रुमेंटचं काम करणारे पालक हे रोज करतात. क्रम साधारण असा:

१. झडप कोणत्या प्रकारची ते आधी बघायचं. हवा भरल्यावर उघडणारी की बंद होणारी? हे चुकलं तर पुढचं सगळं उलटं.

२. सिग्नल देणाऱ्या छोट्या यंत्राने, म्हणजे कॅलिब्रेटरने, नेमके ४.०० मिलीअँपिअर द्यायचे. दांडी खाली बसली का बघायचं. त्याबरोबर डब्यावरचा हवेचा गेजही बघायचा. उघडण्यासाठी हवा लागणारी झडप असेल तर बंद स्थितीत काटा शून्यावर यायला हवा. दांडी खाली आणि काटा मात्र वर, याचा अर्थ प्लग नुसता टेकलाय.

३. मग ८, १२, १६, २० असं वर जायचं आणि तसंच खाली यायचं. चढताना आणि उतरताना दांडी त्याच जागी थांबते का ते बघायचं.

४. आता मुख्य सेटिंग. पोझिशनरमध्ये "टाइट शट-ऑफ" किंवा "कट-ऑफ" नावाची सोय असते. तिथे एक छोटी संख्या भरतात, समजा १ टक्का. १ टक्का म्हणजे ४.१६ मिलीअँपिअर. सिग्नल याच्या खाली आला की पोझिशनर मोजत बसत नाही, डब्यातली सगळी हवा सोडून देतो. स्प्रिंगचा पूर्ण जोर सीटवर येतो. म्हणजे ४.०५ आले तरी झडप घट्ट बंद.

५. पुन्हा उघडण्याची संख्या त्याहून थोडी वर ठेवतात. दोन्ही एकच ठेवल्या तर सिग्नल त्या जागी जरा हलला की झडप उघड-बंद, उघड-बंद करत सीटवर आपटत राहते.

६. कंट्रोलरची खालची मर्यादा तपासायची. बऱ्याच ठिकाणी ती शून्याच्याही खाली नेता येते. उदाहरणार्थ ३.८ मिलीअँपिअर. सूत्रात घाला: (३.८ − ४) ÷ १६ × १०० = −१.२५ टक्के. उणे टक्के! "बंद"च्याही पलीकडे, म्हणजे "बंद आणि वर थोडं दाबून".

हवा भरल्यावर बंद होणाऱ्या झडपेत हेच उलट्या दिशेने. तिथे बंद करण्यासाठी हवा काढायची नसते, पूर्ण दाबाने भरायची असते.

पालकांना एक विनंती, मुलांना हेही सांगा: हे काम चालू लाइनवर कोणी मनाने करत नाही. पुढचे-मागचे हाताचे व्हॉल्व्ह बंद करून, कामाचा परवाना घेऊन, कंट्रोल रूमला कळवूनच करतात.

"पूर्ण बंद" मोजतात कसं?

गंमत म्हणजे कारखान्यात "पूर्ण बंद" यालाही इयत्ता आहेत! आंतरराष्ट्रीय मानकात गळतीचे सहा वर्ग ठरवलेत. दुसऱ्या वर्गाच्या झडपेला पूर्ण क्षमतेच्या ०.५ टक्के गळती चालते, तिसऱ्याला ०.१ टक्के, चौथ्याला ०.०१ टक्के. उघडी असताना तासाला १०,००० लिटर नेणारी झडप धरली, तर बंद असताना अनुक्रमे ५० लिटर, १० लिटर आणि १ लिटर. सहाव्या वर्गात तर बुडबुडे मोजतात. एक इंची झडपेला मिनिटाला एक बुडबुडा, दोन इंचीला तीन. म्हणजे सिग्नल लावण्याआधी झडप कोणत्या वर्गाची आहे ते बघावं लागतं. चौथ्या वर्गाच्या झडपेकडून सहाव्याची अपेक्षा करून चालत नाही.

याने फरक काय पडतो? दीपनगरसारख्या केंद्रातल्या मोठ्या संचांत वाफ ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जास्त तापली तर तिच्यात पाण्याचा फवारा सोडून तापमान आवरतात. हा फवारा झडपेवर चालतो. फवारा नको असताना झडप गळत राहिली तर तापलेल्या पाइपवर तुलनेने थंड पाणी पडत राहतं. उष्णता वाया जाते आणि धातूला तडे जाण्याची भीती असते.

निरोप गेला म्हणजे काम झालं नाही

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप दाब कमी करण्यासाठी उघडली. दाब उतरल्यावर तिला बंद होण्याचा सिग्नल गेला. पॅनेलवरचा दिवा विझला. कर्मचाऱ्यांना वाटलं, झडप बंद झाली. पण तो दिवा झडप बघून लागत-विझत नव्हता. बंद होण्याचा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. झडप उघडीच अडकली होती. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीतलं पाणी त्या वाटेने जात राहिलं. शेवटी मागची दुसरी झडप बंद केल्यावर ते थांबलं. तोपर्यंत अणुभट्टीचा गाभा बराचसा वितळायच्या मार्गाला लागला होता.

ही गोष्ट सांगितल्यावर मुलांना विचारा: तो दिवा कशाला जोडायला हवा होता? "झडपेच्या दांडीला" हे उत्तर मुलं स्वतः काढतात. घाईने सांगू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ पैकी किती दरवाजे उघडले याची बातमी रोज येते. दरवाजा किती उघडलाय हे दरवाज्याकडे बघून ठरवायचं की बटणाकडे बघून, हाही प्रश्न जोडून घ्या.

आपणही वर्गात "समजलं का?" विचारतो आणि एका सुरात "हो" येतं. तो दिवा विझणं आहे. समजलं की नाही ते वही बघितल्यावर कळतं.

वर्गात घेण्यासारख्या कृती

कृती १ – थेंबांचा हिशोब. साहित्य: गळका नळ किंवा तळाला बारीक भोक पाडलेली बाटली, औषधाचं मापाचं झाकण, घड्याळ. १० मिलिलिटरमध्ये किती थेंब मावतात ते मुलांनी मोजायचं. साधारण २०० येतात, म्हणजे १ मिलिलिटरला २०. आता सेकंदाला एक थेंब धरून दिवसाचं पाणी काढा. ८६,४०० थेंब ÷ २० = ४,३२० मिलिलिटर, म्हणजे ४ लिटरहून जास्त. वर्षाचं काढलं तर दीड हजार लिटरच्या वर जातं.

कृती २ – कागदाची फट. दोनशे पानी वहीत कागद शंभर असतात. पुठ्ठे सोडून वहीची जाडी मोजा आणि १०० ने भागा. एका कागदाची जाडी मिळेल. वर काढलेली ०.०६ मिलिमीटरची फट आणि ही जाडी यांची तुलना मुलांना करू द्या.

कृती ३ – पाटकरी खेळ. जमिनीवर खडूने ४ ते २० ची संख्यारेषा आखा. एक मूल कंट्रोल रूम, एक मूल पोझिशनर. कंट्रोल रूमने "१५!" म्हणायचं, पोझिशनरने त्या जागी उभं राहून टक्के सांगायचे. मध्येच "०!" म्हणा. बरोबर उत्तर: "वायर तुटली!" मुलांना हा डाव फार आवडतो.

सराव प्रश्न

१. सिग्नल १० मिलीअँपिअर आहे. झडप किती टक्के उघडी?
२. झडप ९० टक्के उघडायची आहे. सिग्नल किती द्याल?
३. कट-ऑफ २ टक्क्यांवर ठेवलाय. झडप किती मिलीअँपिअरच्या खाली पूर्ण बंद होईल?
४. सिग्नल ३.६ मिलीअँपिअर आला. टक्के किती?
५. एक झडप १२ ते २० या भागातच काम करते, १२ ला ० टक्के आणि २० ला १०० टक्के. १४ ला ती किती उघडी?

उत्तरं: १) ३७.५ टक्के २) १८.४ मिलीअँपिअर ३) ४.३२ मिलीअँपिअर ४) −२.५ टक्के ५) २५ टक्के

पाचव्या प्रश्नात मुलं १६ नेच भागतात. तिथे थांबा आणि विचारा, "या झडपेचं शून्य कुठे आहे?" शून्य कुठे धरायचं हे आधी ठरवावं लागतं, हा या पाठाचा गाभा आहे. तो इथे पक्का होतो.

पालकहो, तुम्ही अशा कामावर असाल तर एखाद्या शनिवारी वर्गात येऊन अर्धा तास बोला. जुना, निकामी झालेला छोटा व्हॉल्व्ह मिळाला तर परवानगी घेऊन सोबत आणा. सीट आणि प्लग हाताला लागला की वरचा तक्ता मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.